पाण्यातला २ खाली बसेना: पादांक असलेला फॉन्ट कुठला घ्यावा?

शाईचा_डाग (सोमवार, रात्री ११:४२)

नमस्कार मंडळी. बाबा विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर केलेले स्वस्तातले प्रयोग त्यांनी वह्यांमध्ये लिहून ठेवलेत, त्यांची ६४ पानी पुस्तिका मी लावतेय. इनडिझाइन, मराठी मजकूर, १२ पॉइंट. छापखान्याला शनिवारी पीडीएफ द्यायचीय.

अडलंय ते असं. 'चौरस सेंमी'चा वरचा २ टाकला की सुरेख उमटतो. पाण्याच्या सूत्रातला खालचा २ टाकला की त्या जागी फुलीचा चौकोन. एकाच फॉन्टात, एकाच ओळीत. वरच्या २ ला पाट आणि खालच्याला उंबरठ्याबाहेर, असं का? (फॉन्टचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की अर्धा धागा त्यावरच जाईल.) आणि तोच मजकूर वर्डमध्ये ठेवला होता तेव्हा खालचा २ व्यवस्थित दिसत होता!

मग इनडिझाइनचं सबस्क्रिप्टचं बटण वापरलं. आकडा खाली जातो, पण इतका किडकिडीत होतो की शेजारच्या अक्षराने त्याचं जेवण पळवलंय असं वाटतं. बाबांना भिंग लावूनही ३ की ८ ते कळेना.

आणि तिसरी गंमत. बाबा सूत्रात अक्षर रोमन लिहितात आणि खालचा आकडा देवनागरी. फळ्यावर ३४ वर्षं तसंच लिहिलंय. पुस्तकातही तसंच हवंय.

तर, पादांकवाला फॉन्ट सुचवा. (फोनवरून लिहितेय, रोमन कळफलक टाकलेला नाही. सूत्रं 'एच₂ओ' अशीच वाचून घ्या.)

---

तिरपागडा (सोमवार, रात्री ११:५८)

माझ्या फोनवर तुमच्या 'एच'च्या पुढे चौकोनच दिसतोय. त्यामुळे प्रश्न फारच चांगला समजला.

---

अर्धा_उकार (मंगळवार, सकाळी ७:१५)

अक्षरं काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो.

वरचे १, २, ३ हे तीन आकडे लॅटिन-१ नावाच्या जुन्या संकेतनातले (संकेतन म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी यादी). त्यात जेमतेम २५६ जागा होत्या, तरी या तिघांना जागा मिळाली. युनिकोड या आजच्या, सगळ्या लिप्यांच्या संकेतनाने ती सगळी यादी जशीच्या तशी सुरुवातीला घेतली. आजही कुठलाही फॉन्ट बनवताना तो पहिला गठ्ठा भरायची रीत आहे, देवनागरी फॉन्टातल्या रोमन भागातसुद्धा. म्हणून वरचा २ सगळीकडे असतो. खालचे आकडे मात्र युनिकोडमध्ये पार लांब, २०८० ते २०८९ या खोल्यांत राहतात (ही मोजणी सोळाच्या पटीतली आहे). तिथवर जायचं की नाही हे फॉन्ट बनवणारा ठरवतो. देवनागरीची पाच-सहाशे जोडाक्षरं काढून दमलेला माणूस बहुधा जात नाही. मीही गेलेलो नाही, कबूल करतो.

याचाच एक भाऊबंद: वरचा ४ त्या जुन्या यादीत नाही. त्यामुळे 'क्ष'चा वर्ग आणि घन झकास, पण चौथा घात आला की आकडा वेगळ्याच वळणाचा दिसतो. गणिताची पुस्तकं या नजरेने चाळून बघा, सापडेल.

वर्डचं म्हणाल तर वर्ड उसनवारी करतं. फॉन्टात चिन्ह नसेल तर गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून आणतं आणि तुम्हाला पत्ता लागू देत नाही. इनडिझाइन मांडणीचं सॉफ्टवेअर आहे, तिथे अशी उसनवारी झाली तर छापखान्यात घोळ होतो, म्हणून ते चौकोन दाखवतं. चौकोन दिसतोय हे तुमचं नशीब समजा.

---

लाटेककर (मंगळवार, सकाळी ९:३०)

उकार यांच्याशी सहमत, आणि चौकोनही न दिसण्याचं दुःख आमच्याकडे आहे. लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं लावायचं सॉफ्टवेअर; झीटेक किंवा लुआटेक इंजिन) फॉन्टात चिन्ह नसलं की बऱ्याचदा तिथे काहीच येत नाही. लॉग फाइलीत 'हे चिन्ह या फॉन्टात नाही' अशी ओळ पडते. ती फाइल हजारभर ओळींची, वाचतो कोण? मी एकदा ११० पानांचं पुस्तक सगळ्या पादांकांविना छापायला पाठवलं होतं. कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड झाला. पुस्तक सुरक्षिततेवर होतं.

तेव्हापासून प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर हरवलेल्या चिन्हांचा माग ठेवणारी ट्रेसिंग-लॉस्ट-कॅर्स ही आज्ञा टाकतो आणि तिला ३ ही किंमत देतो. २०२१ पासूनच्या टेक लाइव्हमध्ये (लाटेकचा तयार संच) ३ म्हटलं की चिन्ह हरवल्यावर थेट चूक म्हणून काम थांबतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत २ पर्यंतच सोय होती, म्हणजे पडद्यावर इशारा मिळायचा.

सूत्रांसाठी एम-एच-केम पॅकेज आहे. सूत्र सरळ रांगेत लिहायचं, कुठला आकडा खाली आणि कुठला वर ते तोच ठरवतो. पण ताई, चार दिवसांत लाटेक शिका असं सांगणाऱ्याला धाग्यावरून हाकलून द्या.

---

शाईचा_डाग (मंगळवार, सकाळी १०:०५)

उकार, लाटेककर, खूप आभार. म्हणजे वर्डमध्ये मी वर्षभर दुसऱ्याच फॉन्टातला २ बघत होते!

आता नेमकं विचारते. कुठल्या फॉन्टात खालचे आकडे आहेत, हे एकेक फॉन्ट लावून न बघता कसं ओळखायचं? माझ्याकडे विंडोज आहे, भावाकडे मॅक.

---

गवंडी (मंगळवार, सकाळी १०:४०)

विंडोजवर बॅबलमॅप नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. त्यात चिन्ह निवडून 'हे कुठल्या फॉन्टांत आहे' असं विचारलं की यादी देतं. मॅकवर कॅरेक्टर व्ह्यूअर उघडून चिन्हावर टिचकी मारली की खाली ते ज्या ज्या फॉन्टांत आहे त्यांचे नमुने दिसतात. लिनक्सवाल्यांना एफसी-लिस्ट ही आज्ञा आहेच, त्याला २०८२ हा क्रमांक देऊन विचारायचं.

आणि इनडिझाइनमध्येच ग्लिफ्सची खिडकी उघडा. फॉन्टात जे जे आहे ते सगळं मांडून ठेवलेलं दिसतं. ओळखीच्या फॉन्टातही अनोळखी चिन्हं सापडतात, जुन्या घराच्या माळ्यावर सापडतात तशी.

---

अर्धा_उकार (मंगळवार, दुपारी १:२०)

गवंडी यांची यादी बरोबर, पण ती अर्धीच गोष्ट सांगते.

खालचा आकडा मिळवायच्या वाटा तीन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली, २०८२ क्रमांकाचं स्वतंत्र चिन्ह टाकणं. दुसरी, साधा २ लिहून सॉफ्टवेअरला तो बारीक करून खाली ओढायला सांगणं, म्हणजे तुम्ही दाबलेलं बटण. इनडिझाइन मुळात ५८.३ टक्के आकार आणि ३३.३ टक्के खाली, असं करतं. म्हणजे १२ पॉइंटचा आकडा ७ पॉइंटचा होतो. घोळ असा की रेघेची जाडीही त्याच प्रमाणात घटते, म्हणून तो उपाशी दिसतो.

तिसरी वाट खरी कामाची. चांगल्या ओपनटाइप (आजच्या प्रचलित प्रकारच्या) फॉन्टात अक्षरकाराने खालचे आकडे वेगळे काढलेले असतात, आकाराने लहान पण जाडीने शेजारच्या अक्षराला शोभणारे. तुम्ही लिहायचा साधा २, आणि फॉन्टाला सांगायचं की हा पादांक म्हणून दाखव. फॉन्टाच्या पोटात या सोयीची नावं चार अक्षरी असतात: रसायनाच्या आकड्यांसाठी एस-आय-एन-एफ, सर्वसाधारण पादांकासाठी एस-यू-बी-एस. इनडिझाइनच्या ओपनटाइप मेनूत 'सबस्क्रिप्ट / इन्फिरियर' अशी ओळ आहे, ती हीच. तुमच्या फॉन्टात ती सोय नसेल तर ते नाव चौकटी कंसात दिसतं. कंस दिसला की बटण दाबून उपयोग नाही, आणि ते दाबल्यावर तक्रारही करत नाही.

'डिनॉमिनेटर' नावाची सोय मात्र चुकून वापरू नका. ती अपूर्णांकाच्या छेदासाठी असते. आकडा तसाच गोड लहान दिसतो, पण ओळीवरच बसतो, खाली उतरत नाही.

फॉन्टात कोणत्या सोयी आहेत ते बघायला वाकामाई फॉन्द्यू नावाचं संकेतस्थळ आहे. फॉन्टची फाइल त्यावर ओढून टाकली की सगळी कुंडली मांडतं.

---

खिळेजुळारी (मंगळवार, दुपारी ३:५५)

नातवाने धागा वाचून दाखवला. मी ट्रेडलच्या (पायाने चालवायच्या छपाईयंत्राच्या) काळातला माणूस, हाताने खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचो.

आम्हाला हा प्रश्न पडायचा तेव्हा उत्तर केसमध्ये, खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, असायचं. रोमनचे इन्फिरियर आकडे वेगळे ओतलेले मिळत, त्याच बॉडीवर. उचलायचा, स्टिकमध्ये ठेवायचा, काम झालं. देवनागरीचे आमच्या छापखान्यात नव्हते. मग १२ पॉइंटच्या ओळीत ६ पॉइंटचा आकडा घ्यायचा आणि त्याच्या डोक्यावर ६ पॉइंटचा क्वाड, म्हणजे न उमटणारा कोरा तुकडा. सहा आणि सहा बारा, ओळ घट्ट. क्वाड डोक्याऐवजी पायाखाली ठेवला की तोच आकडा घातांक व्हायचा. पुस्तकात असं पाच-पन्नास ठिकाणी असलं की जुळाऱ्याची बोटं दुखायची, पण आकडा किडकिडीत कधी दिसला नाही. कारण ६ पॉइंटचा खिळा ६ पॉइंटसाठीच कापलेला असायचा. १२ चा खिळा कोणी तासून ६ चा करत नसे. तुमचं मशीन तेच करतंय.

---

अर्धा_उकार (मंगळवार, दुपारी ४:३०)

काका, दंडवत. मी चार परिच्छेद खर्चून जे सांगितलं ते तुम्ही एका खिळ्यात सांगितलंत.

---

नकारघंटा (मंगळवार, सायंकाळी ६:१०)

चौकोन दिसला तर बरंच झालं. ते २०८२ वालं चिन्ह मुळात वापरूच नये, असं माझं मत.

कारणं. एक, शोध. पुस्तिकेची पीडीएफ उद्या कोणी आंतरजालावर टाकली आणि पोराने पाण्याचं सूत्र साध्या २ ने शोधलं, तर स्वतंत्र चिन्ह वापरलेली पानं सापडतीलच असं नाही. त्या शोधयंत्राला खालचा २ आणि साधा २ एकच आहेत ही समज असावी लागते. दोन, ज्यांना ती समज आहे ते अति करतात. युनिकोडमध्ये 'सुसंगत रूप' काढायची एक पद्धत आहे, तिच्यात वरचा-खालचा भेद पुसला जातो. पाण्याला त्याने फरक पडत नाही, पण १०² चं १०२ होतं. तीन, संच अपुरा आहे. अक्षरांपैकी ए, ई, ओ, एक्स, एन वगैरे आहेत, पण बी, सी, डी खाली बसवायला चिन्हं नाहीत. अर्धं सूत्र एका पद्धतीने आणि अर्धं दुसऱ्या, असं होतं.

साधा आकडा लिहा, त्याला कॅरेक्टर स्टाइल (निवडलेल्या अक्षरांपुरती ठरवून ठेवलेली सजावट) लावा. मजकूर स्वच्छ राहतो, दिसायलाही नीट.

---

फळा_डस्टर (मंगळवार, रात्री ८:०२)

मी दहावीला गणित शिकवतो. अंकगणिती श्रेढीत 'टी'च्या पायाशी 'एन' लागतो, 'एस'च्या पायाशी 'एन' लागतो. प्रश्नपत्रिका मोबाइलवर बनवतो. मुलांच्या फोनवर कुणाला एन दिसतो, कुणाला चौकोन. १, २ मात्र सगळ्यांना दिसतात. हे का?

---

अर्धा_उकार (मंगळवार, रात्री ८:३०)

सर, रुपयाचं चिन्ह आलं तेव्हा सगळीकडे चौकोन दिसायचे, आठवतंय? ते चिन्ह युनिकोडच्या ६.० आवृत्तीत आलं, २०१० साली. तुमचा खालचा एन त्याच आवृत्तीतला. रुपयासाठी सगळ्यांनी धावपळ करून फॉन्ट सुधारले, एनसाठी कोण धावणार? खालचे आकडे त्याच्या कितीतरी आधीचे, म्हणून ते जास्त फॉन्टांत आहेत.

प्रश्नपत्रिका पीडीएफ करून पाठवा, फॉन्ट आतच बांधला जातो. मुलांच्या फोनवर अवलंबून राहू नका.

---

अड्यारचा_मराठी (मंगळवार, रात्री ९:१५)

अवांतर, पण राहवत नाही. इकडे चेन्नईत तमिळ लिपीत छापलेली संस्कृत स्तोत्रं मिळतात. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. मग ख साठी त्या अक्षराला २ चा बारीक आकडा जोडतात, ग साठी ३, घ साठी ४. 'गोविंद' लिहायला दोनदा ३ लागतो. आकडे कुठे वर छापतात, कुठे खाली. तेव्हा बारीक २ म्हणजे फक्त रसायन नव्हे, इथे तो देवळात बसलाय. युनिकोडच्या तक्त्यांतही वरच्या-खालच्या २, ३, ४ यांना अक्षराला जोडून येणारं चिन्ह म्हणून वेगळा दर्जा आहे तो यामुळेच.

---

तिरपागडा (मंगळवार, रात्री ९:२१)

हे अवांतर मूळ धाग्यापेक्षा भारी. +१

---

शाईचा_डाग (मंगळवार, रात्री १०:५०)

सगळ्यांचं वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं. खिळेजुळारी काकांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

माझा निर्णय: सूत्रांसाठी वेगळा रोमन फॉन्ट, ज्यात खरे खालचे आकडे आहेत. पण बाबांचा देवनागरी २ राहिलाच. ते म्हणतात, 'सातवीच्या पोराला २ येतो, तर तोच द्यावा.' ग्लिफ्सच्या खिडकीत खूप शोधलं. खालचा देवनागरी २ कुठेच नाही. मीच शोधण्यात कमी पडतेय का?

---

अर्धा_उकार (बुधवार, सकाळी ६:५०)

कमी पडत नाही आहात. युनिकोडमध्ये देवनागरी पादांक नाहीतच. खालचे आकडे फक्त इंग्रजी वळणाचे आहेत. इथे प्रतिसादातही तुम्ही तो टाइप करून दाखवू शकणार नाही. एखाद्या अक्षरकाराने ओपनटाइपच्या सोयीतून दिला तरच, आणि तसं करणारे विरळा.

मग काकांच्या ६ पॉइंटच्या खिळ्याची नक्कल करा. आकडा बारीक होताना जाडी घटते ना? तर तो मुळातच जाड घ्या. त्यासाठी अनेक वजनं (जाडीच्या पायऱ्या) असलेलं फॉन्टचं कुटुंब लागेल. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता घ्या, फुकट आहे, सात वजनं आहेत. मजकूर रेग्युलरमध्ये असेल तर पादांकाला सेमीबोल्ड लावा आणि आकार ५८ ऐवजी ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. एक पान छापून हातभर अंतरावरून बघा, पडद्यावर बघून ठरवू नका. जाडी शेजारच्या अक्षराशी जुळली की झालं.

खाली किती ओढायचं हे मात्र देवनागरीत जपून. रोमनमध्ये ओळीखाली मोकळी जागा असते. आपल्याकडे तिथे उकार, ऋकार, हलन्ताचा पाय, सगळे दाटीवाटीने बसलेले. त्यात पादांक ३३ टक्के खाली गेला तर पुढच्या ओळीच्या वेलांटीला डोकं आपटतो. मी १५ ते २० टक्क्यांवर थांबतो. आणि ओळींमधलं अंतर आधीच सैल ठेवा. १२ पॉइंटच्या मराठीला १८ तरी हवंच.

---

नकारघंटा (बुधवार, सकाळी ९:४४)

तांत्रिक भाग ठीक. पण रोमन अक्षराच्या पायाशी देवनागरी आकडा, याला माझा विरोध. सूत्र ही जगाची लिपी आहे. पोरगं अकरावीत गेलं की सगळी पुस्तकं इंग्रजी आकड्यांची. मग सातवीत वेगळं का शिकवायचं?

---

गवंडी (बुधवार, सकाळी १०:२०)

माझ्या आजोबांच्या पुस्तकात सूत्र नव्हतं, शब्द होता: कर्बद्विप्राणिल वायू. बघा, कर्ब एक, प्राणवायू दोन. तो खालचा २ त्यांनी 'द्वि' करून शब्दाच्या पोटातच बसवला होता. ना फॉन्टची कटकट, ना चौकोन.

---

पेजमेकर_अजून_जिवंत (बुधवार, सकाळी ११:००)

आमच्या डीटीपी सेंटरला आजही पेजमेकर आहे आणि जुने बिगरयुनिकोड फॉन्ट आहेत. हसू नका, लग्नपत्रिका त्यावरच होतात. त्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली अर्धी अक्षरं कोंबलेली असल्याने २०८२ वगैरे प्रश्नच उद्भवत नाही. सूत्र आलं की फॉन्ट बदलायचा, आकडा निवडायचा, सबस्क्रिप्ट दाबायचं, परत फॉन्ट बदलायचा.

खरं दुःख नंतर येतं. अशी जुनी फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित केली की मजकूर येतो, सजावट जाते. सगळे खालचे आकडे सरळ रांगेत उभे राहतात. आणि रूपांतर करणाऱ्याने रोमन तुकडेही मराठी समजून बदलले, तर सल्फ्युरिक आम्लाच्या सूत्राच्या जागी अगम्य जोडाक्षरं येतात. कुणाचं जुनं पुस्तक नव्याने काढायचं असेल तर रूपांतराआधी मूळ छापील पानांचे फोटो काढून ठेवा. नंतर कुठला आकडा खाली होता ते कळायला तेवढाच आधार.

---

लाटेककर (बुधवार, दुपारी १२:१५)

रोमन फॉन्टची नावं कुणी दिलीच नाहीत अजून. खरे खालचे आकडे असलेले आणि फुकट मिळणारे: सोर्स सान्स आणि सोर्स सेरिफ (दोन्ही अडोबीने मुक्त केलेले), लिबर्टिनस, ईबी गॅरामॉन्ड. मुक्ता सडसडीत, शेपट्यांविनाचा फॉन्ट आहे, तर त्याच्या शेजारी सोर्स सान्स शोभेल.

लिब्रेऑफिसवाल्यांसाठी: ६.२ आवृत्तीपासून फॉन्ट निवडायच्या खिडकीत 'फीचर्स' असं बटण आलंय, तिथे पादांकाची सोय टिचकी मारून लावता येते. स्क्रायबसवाल्यांसाठी: १.४ मध्ये मराठीचं काही करू नका, १.६ घ्या.

---

शाईचा_डाग (गुरुवार, रात्री ११:३०)

आज अख्खा दिवस बसले. वृत्तांत देते.

मजकूर मुक्ता, १२ वर १८. सूत्रं सोर्स सान्समध्ये, इंग्रजी आकड्यांनी. हो, बाबा तयार झाले. नकारघंटा यांच्या अकरावीच्या मुद्द्यावर नव्हेत, कर्बद्विप्राणिलवर. म्हणाले, 'मग माझा २ शब्दांत लिही.' म्हणून प्रत्येक सूत्र पहिल्यांदा येतं तिथे कंसात 'हायड्रोजनचे दोन, ऑक्सिजनचा एक' असं लिहिलंय. देवनागरी पादांक आकृत्यांत ठेवलेत, परीक्षानळ्यांच्या क, ख, ग या नावांच्या पायाशी. तिथे सेमीबोल्ड, ६५ टक्के, १८ टक्के खाली. छापून बघितलं. बाबांनी भिंग न लावता ३ आणि ८ वेगळे ओळखले.

आता हातोटीची गोष्ट. सूत्रं साधारण दोनशे ठिकाणी आहेत. प्रत्येक आकड्याला हाताने स्टाइल लावायची म्हणजे शनिवार कुठला. म्हणून इनडिझाइनची ग्रेप स्टाइल (मजकुरातला ठरावीक नमुना शोधून आपोआप स्टाइल लावणारी सोय) वापरली. परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच नियम घातला: रोमन अक्षराला किंवा बंद कंसाला चिकटून आकडा आला की त्याला पादांकाची कॅरेक्टर स्टाइल लाव. एका झटक्यात दोनशे आकडे खाली बसले. सूत्राच्या आधी येणारा गुणक अक्षराच्या मागे नसून पुढे असतो, म्हणून तो जागचा हलला नाही. मी खुर्चीतून उठून नाचले.

मग बाबांनी प्रूफ वाचलं. मोरचुदाच्या प्रयोगात तांब्याच्या आयनावरचा भार, दोन अधिक, वर हवा होता. तो २ पण खाली बसला होता आणि अधिक चिन्ह एकटंच उभं. नियमात दुरुस्ती केली: आकड्यामागून लगेच अधिक किंवा उणे आलं तर खाली नेऊ नकोस. भारांसाठी वेगळी स्टाइल.

---

लाटेककर (शुक्रवार, सकाळी ७:०५)

दुरुस्ती तपासून घ्या. समीकरणात सूत्रामागे जागा न सोडता अधिक चिन्ह आलं असेल तर तुमचा नवा नियम त्या आकड्याला भार समजून वर ठेवेल. समीकरणातल्या अधिकच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेली आहे ना?

---

शाईचा_डाग (शुक्रवार, दुपारी २:४०)

सात ठिकाणी नव्हती. वाचवलंत.

पीडीएफ आज रात्री जाईल. बाबांचं दुसरं वाचन झालं, एकच खूण आहे, पान ९ वर लाल शाईने गोल. साहित्याच्या यादीत 'ए४ कागद, दोन' असं होतं, ए रोमन. माझ्या नियमाने त्यातला ४ खाली बसवला. शेजारी बाबांनी लिहिलंय: 'हे कोणतं संयुग?'